सोसायटीचा संगणक : बदलायचा, सुधारायचा की ठेवायचा?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात २६ जानेवारी २०२६ रोजी केलेलं भाषण. बोलताना सुटलेले एकदोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



मला 'सोसायटीची पंचवीस वर्षं' या विषयावर बोला असं सांगितलं होतं. पण गेल्या तीन महिन्यांत आपल्या ऑफिसात ज्या एका गोष्टीवरून सर्वांत जास्त भांडण झालं, त्यावर मी बोलणार आहे. ते भांडण ना पाण्याचं होतं, ना पार्किंगचं. ते होतं टेबलावरच्या संगणकाचं. आणि त्यात पंचवीस वर्षं आपोआप येतात, ते पुढे कळेलच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे दिवाळीच्या आठवडाभर आधी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणं बंद केलं. आपला ऑफिसचा संगणक २०१६ चा, विंडोज १० वरचा. पडद्यावर सूचना यायला लागली. आपल्या क्लार्क ताई घाबरल्या आणि त्यांनी सरळ मशीनच बंद करून ठेवलं. मेंटेनन्सच्या पावत्या चार दिवस हाताने फाडल्या.

समितीची बैठक झाली. खजिनदार म्हणाले, चालतंय ना? मग चालू द्या. तरुण मंडळी म्हणाली, काका, टाकून द्या, नवीन घ्या. तिसऱ्याने ओळखीचा एक कारागीर आणला. तो म्हणाला, या मशीनवर विंडोज ११ बसत नाही असं कंपनी म्हणते, पण मी बसवून देतो, पंधराशे रुपये. मी बँकेत कधीकाळी संगणक खात्यात होतो असा सगळ्यांचा गैरसमज आहे, म्हणून तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

मी कधीच संगणक खात्यात नव्हतो. मी साधा लेजर लिहिणारा माणूस. १९७४ साली बी.कॉम. होऊन क्लार्क म्हणून लागलो, तेव्हा आमच्या शाखेत सर्वांत आधुनिक यंत्र म्हणजे हाताने फिरवायचं बेरजेचं मशीन. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ साली आला, आणि मग काही वर्षांनी आमच्याकडे ए.एल.पी.एम. नावाचं धूड आलं. लेजर पोस्टिंगचं मशीन. युनियनचा विरोध होता, आमचाही होता. पण वरून हुकूम आला होता आणि त्यात एक शहाणपणाची अट होती : काही महिने दोन्ही चालवा. मशीनवरही पोस्टिंग करा आणि लेजरही लिहा, रोज संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळवा. याला 'पॅरलल रन' म्हणायचे.

काम दुप्पट झालं, आम्ही शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी २७० रुपयांचा फरक आला. सगळे खूश, की बघा, मशीन चुकलं! आमचे हेडक्लार्क जुने जाणते. म्हणाले, २७० ला नऊने भाग जातो, आकडे उलटे पडलेत, शोधा. रात्री साडेआठला सापडलं. ६३० चे ३६० लिहिले होते. लेजरात. माझ्याच अक्षरात. तेव्हापासून मी जुन्याचा आंधळा भक्त राहिलो नाही, आणि नव्याचाही झालो नाही.

आता मूळ प्रश्न. सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली म्हणजे नेमकं काय झालं? संगणक १५ ऑक्टोबरला सकाळी मेला का? नाही. तो आजही चालतो, वर्षभरही चालेल. फरक एवढाच की यापुढे त्यात एखादं भोक सापडलं तर ते कोणी बुजवून देणार नाही. भोकं सापडतच असतात. दर महिन्याला आपला संगणक 'अपडेट होतोय, बंद करू नका' म्हणून आपल्याला ताटकळत ठेवतो, ती हीच बुजवाबुजवी.

खजिनदारांचं म्हणणं होतं, आपल्या श्रीपूरच्या संगणकात कोण कशाला घुसेल? माझंही पूर्वी असंच मत होतं. ते २०१७ साली बदललं. त्या वर्षी १२ मे ला 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. इंग्लंडात इस्पितळांची कामं थांबली, आपल्याकडे आंध्र पोलिसांचे काही संगणक अडकले. गंमत म्हणजे ते भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. दोन महिने ती ज्यांनी घेतली नाही, ते मुख्यतः सापडले. असा व्हायरस पत्ता विचारत येत नाही. तो दार ढकलून बघतो, उघडं मिळालं की आत. श्रीपूर काय आणि लंडन काय.

पुढच्याच महिन्यात त्याच जातीचा दुसरा आला, 'नॉटपेट्या'. सुरुवात युक्रेनमध्ये, पण मेर्स्क ही डेन्मार्कची जहाजकंपनी त्यात सापडली आणि आपल्या न्हावा-शेव्याला जेएनपीटी बंदरातलं त्या गटाचं टर्मिनल ठप्प झालं. त्या कंपनीला दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. आणि ते उभे कशाच्या आधारावर केले माहीत आहे? त्यांच्या जगभरच्या जाळ्यात कोण कर्मचारी, कोणाला कुठे प्रवेश, याची जी मुख्य नोंद असते, तिच्या सगळ्या प्रती पुसल्या गेल्या होत्या. एक प्रत फक्त वाचली, आफ्रिकेत, घानामध्ये. का वाचली? तर हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती! सर्व्हर बंद होता म्हणून व्हायरस पोचलाच नाही. आपण उभं आयुष्य भारनियमनाच्या नावाने बोटं मोडली. कुठे तरी त्याने एका मोठ्या कंपनीची अब्रू राखली. ही घानाची गोष्ट लक्षात ठेवा, मला पुढे लागणार आहे.

असो. तरुणांचं मत काय, की नवीन घ्या. ते बरोबर वाटतं, पण सरसकट नाही. आपल्या दोन नंबरच्या गल्लीतल्या एका शिक्षक सभासदांनाही दुकानात सांगितलं होतं की तुमचा संगणक विंडोज ११ ला चालत नाही, नवीन घ्या. विंडोज ११ ला ढोबळमानाने इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्याच्या तोडीचा प्रोसेसर लागतो, म्हणजे साधारण २०१८ नंतरची यंत्रं. किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, आणि 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय. गुरुजींचं यंत्र २०१९ चं. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट तपासनीस आहे. माझ्या नातवाने ते लावून बघितलं, तर बाकी सगळं ठीक, फक्त टीपीएम बंद होतं. ते यंत्रातच असतं, सुरुवातीच्या सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं लागतं. पाच मिनिटांचं काम. विंडोज ११ फुकटात चढलं. चाळीस हजार वाचले, गुरुजींनी नातवाला पेढे दिले. तेव्हा आधी तपासा, मग दुकानात जा.

आपल्या ऑफिसच्या यंत्राचं मात्र तसं नव्हतं. प्रोसेसरच सहाव्या पिढीचा. टीपीएम चालू करून उपयोग नाही. राहिला पंधराशे रुपयांचा जुगाड. तो होतो, नाही असं नाही. पण मायक्रोसॉफ्टने स्वच्छ सांगितलंय की अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळण्याचा हक्क राहणार नाही. मग ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच पदरात पडण्याची खात्री नाही. घराच्या यंत्रावर प्रयोग करायचा तर करा. सभासदांचे पैसे ज्या यंत्रावरून बँकेत जातात तिथे नको, हे मी बैठकीत जरा आवाज चढवूनच सांगितलं. त्याबद्दल इथे माफी मागतो. मुद्द्याबद्दल नाही.

आणखी एक वाट होती, पैसे देऊन जुन्याच विंडोज १० ला दुरुस्त्या घेत राहायची. घरगुती वापराला ही सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे, तीस डॉलर भरून, नाहीतर मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर आपली सेटिंग ठेवायला मान्यता दिली तर फुकट. मी माझ्या घरच्या लॅपटॉपला तेच केलंय. वर्षभराची सवड मिळाली. पण सोसायटी ही संस्था. संस्थेला पहिल्या वर्षी एका यंत्राला ६१ डॉलर, दुसऱ्या वर्षी दुप्पट, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट. मी गुणाकार करून दाखवला : तीन वर्षांचे ४२७ डॉलर, म्हणजे अडतीस हजारांच्या घरात. यंत्र मात्र जुनं ते जुनंच. खजिनदारांनी कॅल्क्युलेटर स्वतःकडे ओढून पुन्हा केलं, आणि गप्प झाले.

इथवर निकाल सोपा होता. नवीन घ्या. पण तेवढ्यात मी एक विचारलं आणि घोळ सुरू झाला. मी विचारलं, जुन्यात आहे काय काय?

हा प्रश्न मला का सुचला ते सांगतो, कारण त्यात माझी नाचक्की आहे. २०१६ साली मी घरचा संगणक घाईघाईने नवा करून घेतला. कारागिराने प्रामाणिकपणे विचारलं होतं, काका, सी ड्राइव्हमधलं काही ठेवायचंय का? मी ऐटीत म्हटलं, काही नाही, माझं सगळं डी मध्ये आहे. त्याने सी पुसला. संध्याकाळी आमच्या मंडळींनी विचारलं, डेस्कटॉपवरचे बाळाच्या बारशाचे फोटो कुठे गेले? डेस्कटॉपवर जे दिसतं ते सी मध्येच असतं, हे त्या दिवशी मला कळलं. छत्तीस वर्षं लोकांचं सोनं लॉकरमध्ये सांभाळलं आणि घरचे फोटो सांभाळता आले नाहीत. आठ दिवस घरात अबोला होता. चूक कारागिराची नव्हती.

तर, आपल्या ऑफिसच्या यंत्रात काय होतं? टॅलीचे हिशेब, मेंटेनन्सच्या पावत्या, पत्रव्यवहार. हे सगळं २०१६ पासूनचं. त्याच्या आधीचं? ताई म्हणाल्या, ते कपाटातल्या जुन्या डब्यात असेल.

तो जुना डबा म्हणजे आपला पहिला संगणक. २००४ साली घेतलेला, विंडोज एक्सपीचा. जुन्या सभासदांना आठवत असेल, आपले पहिले सेक्रेटरी गुरुजी वयाच्या बासष्टाव्या वर्षी त्याच्यावर मराठी टायपिंग शिकले. एका बोटाने. कारखान्याची तिसरी पाळी सुटून माणसं घरी यायची तरी ऑफिसात दिवा असायचा. २००१ पासूनची हाताने लिहिलेली इतिवृत्तं, सभासदांची यादी, नामनिर्देशनाच्या नोंदी, सगळं त्यांनी टाइप केलं. आम्ही चेष्टा करायचो, की गुरुजी, प्रोसिडिंग बुक आहे ना, मग हे कशाला? ते म्हणायचे, असू द्या. २०१३ साली ते गेले. पुढे एका पावसाळ्यात ऑफिसचं छत गळलं आणि खालच्या फळीवरची पुस्तकं भिजून लगदा झाली. पहिल्या सहा वर्षांची प्रोसिडिंग बुकं त्यातच होती.

नोव्हेंबरात या गोष्टीची गरज पडली. आपल्या एका दिवंगत सभासदांच्या घराचं नामनिर्देशन कोणाच्या नावे, असा प्रश्न आला. नावं सांगत नाही, घरचा मामला आहे. अर्जाची सोसायटीची प्रत भिजलेल्या गठ्ठ्यात गेली होती. त्यांच्या पत्नीला एवढंच आठवत होतं की 'यांनी कधीतरी काहीतरी लिहून दिलं होतं'. बाई समितीसमोर बसल्या होत्या आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं.

गुरुजींच्या फाइल्सची एक सीडी सापडली. ऑफिसच्या यंत्रात घातली, उघडली, आणि पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि डॉलरच्या खुणा. तरुण मंडळी म्हणाली, फाइल खराब झालीय. फाइल खराब नव्हती. हे जरा समजून घ्या, कारण तुमच्याही घरी अशा फाइल्स असतील. त्या काळी मराठी टायपिंगची जी पॅकेजं होती, त्यांत बहुतेकदा 'क' हा 'क' म्हणून साठवला जातच नसे. आत एखादं इंग्रजी अक्षर किंवा खूण साठवायची आणि फॉन्टमध्ये त्या जागी 'क' चं चित्र काढून ठेवायचं. तो फॉन्ट आहे तोवर मराठी, नाही तर गचाळा. आज आपण मोबाइलवर लिहितो ते युनिकोड. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक आहे, म्हणून ते सगळीकडे मराठीच दिसतं.

मग डबा कपाटातून काढला. धूळ झटकली. दोनदा चालू झालाच नाही. तिसऱ्यांदा घरघर केली आणि एक्सपीचं ते हिरवं माळरान दिसलं. आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे तारीख पार मागची. पण गुरुजींचं मराठीचं पॅकेज उघडलं. त्याला मागे एक छोटं कुलूप लावावं लागतं, डोंगल म्हणतात, तेही मागेच चिकटलेलं. जसं ठेवून गेले होते तसंच. नव्या संगणकाला ते कुलूप लावायची खाचसुद्धा नसते.

नोंद सापडली. ठराव क्रमांक, तारीख, साल २००५, नामनिर्देशन अर्ज नोंदवून घेतल्याची ओळ. टाइप केलेली ओळ म्हणजे सहीचा कागद नव्हे, हे मी बँकवाला असल्याने लगेच म्हणालो. पण अर्जाची एक प्रत पोच म्हणून सभासदाला परत मिळते. आता तारीख हाती होती. बाईंना सांगितलं, २००५ च्या दिवाळीच्या आसपासचे कागद बघा. दोन दिवसांनी त्या लोखंडी ट्रंकेतून तो कागद घेऊन आल्या, सहीशिक्क्यासकट, चतुर्भुज लग्नपत्रिकेच्या पाकिटात घडी करून ठेवलेला. गुरुजींचीच सही. बैठकीत कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

त्यानंतर भांडण राहिलं नाही. ठरलं ते असं. हिशेब आणि बँकेची कामं नव्या यंत्रावर, विंडोज ११ वर. सभेच्या मंजुरीने ४३,५०० रुपयांना घेतलं. पण जुनं लगेच बंद केलेलं नाही. डिसेंबर आणि जानेवारी, दोन महिन्यांच्या पावत्या दोन्हीकडे करून ताळा जुळवतोय. ताई माझ्या नावाने बोटं मोडतात हे मला माहीत आहे. मार्चअखेर आणि ऑडिटच्या गडबडीत असं काही करायचं नाही, म्हणूनच आत्ता. आपल्या कारखान्यांत बघा, हंगाम चालू असताना कोणी मिलचे रोलर उघडत नाही. गाळप संपलं की मगच ओव्हरहॉलिंग.

२०१६ च्या यंत्राला हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम आठ जीबी केली, आणि पोरांनी त्यावर लिनक्स मिंट टाकलं. हे फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि जुन्या यंत्रावर चांगलं पळतं. आपल्या पुण्याच्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचं लिनक्स केलंय, केरळात सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात. आपलं टॅली त्यावर सरळ चालत नाही, म्हणून हिशेबाला ते उपयोगाचं नाही. पण नोटिसा लिहायला, मुलांना अभ्यासाला आणि आम्हा म्हाताऱ्यांना पेपर वाचायला पुरेसं. वाचनालयात ठेवलंय. वापरा.

आणि एक्सपीचा डबा? तरुणांना तो भंगारात द्यायचा होता. मी घानाची गोष्ट सांगितली. तो राहणार. त्याला इंटरनेटची वायर लावायची नाही, कोणाचा पेनड्राइव्ह घालायचा नाही. एक्सपीच्या दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ लाच थांबल्या. बँकांच्या एटीएममध्येसुद्धा तो कितीतरी वर्षं राहिला, शेवटी रिझर्व्ह बँकेने २०१८ साली फर्मान काढून जून २०१९ ची मुदत घातली तेव्हा तो हलायला लागला. तेव्हा आपला डबा कुलूपबंद कपाटातच बरा. त्यातल्या फाइल्स आपल्या दोन कॉलेजकन्यका युनिकोडमध्ये आणताहेत. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर असतं, पण पहिली वेलांटी आणि रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. 'सर्वानुमते' चं काय काय होतं ते मुलींना विचारा. प्रत्येक ओळ मूळ पडद्याशी ताडून बघावी लागते. २००९ पर्यंत पोचल्यात.

जाता जाता एक. नवीन विंडोज आलं म्हणजे आपण सुरक्षित, असं समजून फोनवर कोणाला ओटीपी सांगत बसू नका. तिथे कुठलंही विंडोज कामाला येत नाही. तसं काही झालंच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० ला फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

सगळ्या नोंदींच्या आता तीन प्रती आहेत. एक नव्या यंत्रात, एक डिस्क अध्यक्षांच्या घरी, एक माझ्याकडे गोदरेजच्या कपाटात. डिस्क नुसती ठेवायची नाही, अधूनमधून उघडून बघायची, म्हणून तिमाहीच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आम्ही दोघं ऑफिसात बसतो आणि कुठलीही पाच इतिवृत्तं उघडून वाचतो. त्याच वेळी जुना डबाही अर्धा तास चालू करतो. पुढचा रविवार ५ एप्रिलचा. गुरुजींच्या त्या पॅकेजचा कळफलक ज्यांना अजून आठवतो त्यांनी जरूर यावं, आम्हाला 'ज्ञ' कुठे आहे ते सापडत नाहीये.